कथेतील जीवनप्रतिबिंब

प्रत्यक्ष जगण्यातील माणसे, प्रसंग आणि नातेसंबंध यांचे कथेत उमटणारे रूप म्हणजे जीवनप्रतिबिंब. कथा वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात जे मागे उरते, त्याला ठसा किंवा संस्कार म्हणतात. समीक्षेत हे दोन शब्द जोडीने येतात, जणू पहिले असले की दुसरे आपसूक येणारच. पण समोरचा माणूस हलला की आरसा रिकामा होतो, त्यात काहीच मागे राहत नाही. ‘साहित्य हा जीवनाचा आरसा’ हे निबंधातले लाडके वाक्य म्हणूनच कथेचे निम्मे काम सांगते, आणि तेही सोपे निम्मे.

आरशाची उपमा जुनी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ती वापरली ती कौतुकाने नव्हे. आरसा हातात घेऊन चहूकडे फिरवला की सूर्य, पृथ्वी, प्राणी, झाडे असे सारे क्षणात ‘निर्माण’ करता येते, असे सुचवून त्याने अनुकरण करणाऱ्या कलावंताला टोला हाणला. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने अनुकरणाची बाजू घेतली. इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल असे सांगते, म्हणून काव्य अधिक तात्त्विक, असे त्याचे म्हणणे. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याने १८३० मध्ये कादंबरीला हमरस्त्यावरून वाहून नेल्या जाणाऱ्या आरशाची उपमा दिली. त्यात कधी निळे आकाश दिसते, कधी डबक्यातला चिखल. चिखल दिसला म्हणून आरसा वाहणाऱ्याला बोल लावू नये, रस्त्याची देखभाल करणाऱ्याला लावावा. वास्तववादी लेखकांना ही ढाल पुढे फार उपयोगी पडली.

भारतीय काव्यशास्त्रात नाट्यशास्त्रकार भरताने नाट्याला ‘लोकवृत्तानुकरण’, म्हणजे लोकांच्या वागण्याचे अनुकरण, म्हटले. पुढे काश्मीरचा आचार्य अभिनवगुप्त याने रस म्हणजे निव्वळ अनुकरण ही कल्पना नाकारली. त्याच्या विवेचनातही आरसा आहे, पण तो कलाकृतीच्या हातात नाही. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांचा ‘मनोमुकुर’, म्हणजे मनाचा आरसा, स्वच्छ झालेला असतो आणि म्हणून जे वर्ण्यविषयाशी तन्मय होऊ शकतात, ते सहृदय, अशी त्याची व्याख्या आहे. रसास्वाद शक्य होतो तो रसिकाच्या मनात आधीच सुप्त असलेल्या वासनांमुळे, म्हणजे पूर्वानुभवाच्या संस्कारांमुळे, असेही तो मानतो. प्रतिबिंब पडण्याची जागा वाचकाचे मन ठरली, की ते तिथे टिकते कसे याचा उलगडा होऊ लागतो.

लेखकाच्या बाजूने पाहिले तर सारा मामला निवडीचा आहे. एका दिवसातल्या शेकडो क्षणांपैकी दोन-तीनच कथेत येतात. वडील वारल्याचा प्रसंग ‘घरावर दुःखाचा डोंगर कोसळला’ असा लिहिला, तर तो खरा असूनही कोणाचाच होत नाही. तोच प्रसंग असा लिहिता येतो : चौथ्या दिवशी मुलगा टेबलावरचा वडिलांचा चष्मा उचलतो, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसतो, उजेडासमोर धरून पुन्हा पुसतो आणि चष्म्याच्या घरात ठेवून खणात बंद करतो. दुःख हा शब्द कुठेही नाही. आता कोणी पाहणार नसलेल्या काचा त्याने दोनदा का पुसल्या, हे वाचकाला स्वतःच ठरवावे लागते, आणि हे ठरवण्यात तो गुंततो. नवा लेखक पुष्कळदा इथेच घसरतो. चष्मा लिहून झाल्यावर त्याला धीर धरवत नाही, आणि ‘त्याला वडिलांची फार आठवण येत होती’ असे वाक्य तो जोडून देतो. पुनर्लेखनात आधी कापायचे ते हे वाक्य. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये लघुकथेसाठी एका बैठकीत वाचून होणारी लांबी आणि एकच परिणाम यांचा आग्रह धरला, त्यामागेही असाच काटेकोरपणा होता.

ठसा टिकतो म्हणजे कथा जशीच्या तशी आठवते, असे नव्हे. गोष्टीचा धागा स्मरणाला मदत करतो, हे खरे. १९६९ मध्ये बाउअर आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या लोकांना दिल्या. शब्द गोष्टीत ओवणाऱ्यांना शेवटी सुमारे ९३ टक्के शब्द आठवले, नुसते पाठ करणाऱ्यांना सुमारे १३ टक्के. पण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग दुसरी बाजू दाखवतात. त्याने केंब्रिजमध्ये उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. सांगणाऱ्यांनी अनोळखी तपशील गाळले, उरलेले आपल्या ओळखीच्या साच्यात बसवले. डोंगीची बोट झाली आणि सीलची शिकार मासेमारी झाली.

लिहिणाऱ्यावरही परिणाम होतो. १९८६ मध्ये पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी काही विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. प्रसंगाबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या पुढील काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी भरल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम संमिश्र दिसला आहे. शिवाय ते लेखन कथा नव्हते. कथा लिहिताना स्वतःचा अनुभव दुसऱ्याच्या अंगावर चढवावा लागतो, आणि तो नीट बसावा म्हणून उसवावाही लागतो.

या उसवण्यामुळे एक गंमत होते. ‘पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा’ अशी सूचना छापूनही लेखकाला ओळखीच्यांची धास्ती असते. प्रत्यक्षात ज्याच्यावरून पात्र उचलले, तो कथा वाचून खुशाल दाद देऊन जातो. आणि लेखकाने कधी न पाहिलेला कोणी वाचक येऊन विचारतो, ‘ही माझी गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?’