पार्श्वभूमी : सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन आणि ‘कार्यक्षमता’ या शब्दाचा घोळ

टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकून पाणी फोडल्याचा, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केल्याचा, १९७२चा जपानी प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. पण तो पदार्थ फक्त अतिनील किरण शोषतो, आणि सूर्यप्रकाशात ते जेमतेम चार-पाच टक्के असतात. म्हणून दृश्य प्रकाश शोषणाऱ्या, काचेवर स्वस्तात चढवता येणाऱ्या पातळ थरांचा शोध सुरू झाला. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून असे थर करण्याचे काम आपल्याकडे कोल्हापुरातही बरीच वर्षे चालू आहे.

सगळ्यात मोठा वाद पेटला तो २००२मध्ये. अमेरिकेतल्या एका गटाने टायटॅनियमचा पत्रा ज्योतीत तापवून त्यावर कार्बनयुक्त ऑक्साइडचा थर तयार केला आणि ८.३५ टक्के कार्यक्षमतेचा, म्हणजे प्रकाशातली तेवढी ऊर्जा हायड्रोजनमध्ये साठल्याचा, दावा केला. पुढच्याच वर्षी, तो दावा छापणाऱ्या नियतकालिकातच हरकती छापून आल्या. प्रकाश सूर्याचा नव्हता, झेनॉन दिव्याचा होता. शिवाय बाहेरून ०.३ व्होल्टची मदत दिली होती, आणि खरी मेख तिच्या मोजणीत होती. बाहेरची वीज लावली की ती हायड्रोजनच्या ऊर्जेतून वजा करावीच लागते. आणि तो विद्युतदाब (व्होल्ट) प्रत्यक्ष प्रवाह वाहणाऱ्या दोन इलेक्ट्रोडमध्येच मोजायला हवा. तिसऱ्या, केवळ मोजणीसाठी ठेवलेल्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजलेला आकडा धरला, तर वजाबाकी कमी होते आणि कार्यक्षमता फुगते. माझ्या मते हरकती पूर्णपणे रास्त होत्या. बाहेरची वीज शून्य असेल तरच ‘सौर ते हायड्रोजन’ कार्यक्षमता म्हणावे, हा दंडक २०१०च्या सुमारास लिहून निघाला.

तरीही थरांची तुलना आजही संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजलेल्या १.२३ व्होल्टला (पाणी फोडायला लागणाऱ्या किमान दाबाला) मिळणाऱ्या प्रवाहावरून होते. गंजाच्या कुळातल्या हेमॅटाइटने २००६मध्ये तिथे प्रति चौरस सेंटिमीटर २.२ मिलिअँपिअर दिले. सैद्धांतिक कमाल साडेबाराच्या आसपास. अडचण अशी, की प्रकाशाने सुटलेला धनभार पृष्ठभागाकडे जेमतेम काही नॅनोमीटर सरकतो, तर प्रकाश शोषायला शेकडो नॅनोमीटर जाडी लागते. बिस्मथ व्हॅनाडेट हा दुसरा ऑक्साइड इथे सरस ठरला, पण त्याची कमाल मर्यादाच कमी, साडेसातच्या जवळ.

महागड्या गॅलियम संयुगांच्या दुहेरी थराने १९९८मध्येच बाहेरच्या विजेविना १२.४ टक्के गाठले होते, पण पाण्यात ते काही तासच टिकले. जपानमध्ये १०० चौरस मीटरचा पॅनेल-संच खऱ्या उन्हात चालवला गेला; त्याचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के, तीही बाहेरची वीज न लावता.