मिठाला पाणी सुटलं की बटण का अडतं?

गणपतीला चाकरमानी गावी आले की पिशवीतून मुलांसाठी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम निघतो. नाहीतर आंगणेवाडीच्या जत्रेत 'चारशे गेम' छापलेला डबा घेतला जातो. सहा-आठ महिन्यांत त्याचं डावं बटण बंद पडतं, किंवा पडद्यावरचा बाहुला कुणी हात न लावताच उजवीकडे पळत सुटतो. घरातला निकाल ठरलेला असतो: "पोरान आपटल्यान."

पोराची यात चूक असतेच असं नाही. पडण्याला तोंड देणारा गेम कसा करायचा, हे कंपन्यांना ३५ वर्षांपूर्वीच जमलेलं आहे. १९८९ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीचा गेम बॉय आला, तो गुनपेई योकोई यांच्या चमूने मुद्दाम जुन्या, स्वस्त, मुरलेल्या तंत्रावर बेतला होता: पडद्यामागे दिवा नाही, रंग नाहीत, बिजागरी नाही, चार पेन्सिल सेल आणि जाडजूड प्लॅस्टिक. सेलसकट वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. मीटरभर उंचीवरून पडला तर साधारण ३ ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. फरशी आणि कवच मिळून १ मिलिमीटर दबले, तर आतल्या भागांना सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट धक्का बसतो. २ मिलिमीटर दबले तर पाचशेपट. शेणाने सारवलेल्या खळ्यात पडलेला गेम वाचतो आणि नव्या घराच्या लादीवर पडलेला फुटतो, तो या एका मिलिमीटरच्या फरकामुळे. आखाती युद्धात बराकीवरच्या बाँबहल्ल्यात भाजलेला, कवच वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेन्डोच्या दुकानात कित्येक वर्षं चालू अवस्थेत मांडून ठेवला होता. पुढे २०१३ मध्ये याच कंपनीने लहान मुलांसाठी टू-डीएस नावाचा गेम काढला, तेव्हा आधीच्या गेमची घडी घालायची बिजागरीच काढून टाकली आणि पाचरीसारखं अखंड कवच दिलं. कारण घडीच्या यंत्रात आधी बिजागरी जाते, नाहीतर तिच्यातून वळणारी चपटी वायर.

म्हणजे आगीतून वाचलेल्या गेमची कथा सांगता येते. पण मालवणच्या, हर्णैच्या किंवा श्रीवर्धनच्या पडवीत दोन पावसाळे काढलेल्या गेमची कथा निराळी आहे. तिथे मारेकरी असतो मीठ.

स्वयंपाकघरातल्या बरणीपासून सुरुवात करू. मृग लागला की खडे मिठाला पाणी सुटतं. पिशवीतल्या बारीक, शुद्ध मिठाला तितकं सुटत नाही. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. याला चिघळणं म्हणतात. पण समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड नव्हे. त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. शिरोड्याच्या किंवा उरणच्या मिठागरात मीठ बसल्यावर जे कडू पाणी उरतं, ते यांचंच. मॅग्नेशियम क्लोराइड चिघळायला जेमतेम ३३ टक्के आर्द्रता पुरते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० ते ९० टक्के असते आणि किनाऱ्यावर कोरड्या दिवसांतही ३३च्या खाली ती क्वचितच उतरते. त्यामुळे समुद्राच्या मिठाचा थर एकदा बसला की तो पुरता वाळत म्हणून नाही. डोळ्यांना कोरडा दिसतो, पण विजेच्या दृष्टीने तो ओलाच असतो.

हा थर आत येतो दोन वाटांनी. लाट फुटते तेव्हा फेसातले बुडबुडे फुटून काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खारे थेंब उडतात आणि वारा त्यांना आत आणतो. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचा मारा सर्वात जास्त, मग झपाट्याने कमी. खिडकीचे गज किती लवकर गंजतात, ते पाहिलं की आपलं घर कुठल्या पट्ट्यात येतं ते कळतं. दुसरी वाट मुलाच्या बोटांची: घाम, तळलेल्या बांगड्याचं मीठ, आणि मे महिन्यात फणसाचा रस. बटणाभोवतीची बारीकशी फट, स्पीकरची भोकं आणि चार्जिंगचं तोंड याला पुरतात.

आता बटणाच्या आत पाहू. खरी गंमत तिथेच आहे. प्लॅस्टिकच्या बटणाखाली सिलिकॉन रबराचा छोटा घुमट असतो आणि त्याच्या पोटात कार्बन मिसळलेली काळी टिकली. खाली सर्किट बोर्डावर तांब्याचे दोन कंगवे एकमेकांच्या दातांत दात घालून बसवलेले असतात, पण एकमेकांना न चिकटता. दातांमधलं अंतर ०.२ मिलिमीटरच्या घरातलं. बटण दाबलं की काळी टिकली दोन्ही कंगव्यांवर टेकते आणि वाट जुळते. टिकलीचा रोध शंभर-दोनशे ओहम असला तरी काम भागतं.

तांबं उघडं ठेवलं तर काळवंडतं, म्हणून त्यावर निकेल आणि वर सोन्याचा मुलामा देतात. हा मुलामा किती? बहुतेकदा ०.०५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका. एवढ्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं असतातच. खारं पाणी छिद्रातून खाली पोचलं की सोनं आणि खालचा धातू यांची नकळत बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजतो तो खालचा. वर सोन्याचं मोठं मैदान, खाली उघड्या धातूचा टिंब. सगळी झीज त्या एका टिंबावर केंद्रित होते. गेम बंद असतानाही. स्वस्त डब्यांत सोन्याऐवजी काळी कार्बन शाई छापलेली असते. तिला लोक नाक मुरडतात, पण ती १५-२० मायक्रॉन जाड असते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने भुक्कड सोन्यापेक्षा नीट छापलेली कार्बन शाई पत्करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेम चालू झाला की मामला आणखी बिघडतो. दोन दातांमध्ये ३ व्होल्ट आणि अंतर ०.२ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला १५ व्होल्ट. पाण्याचं विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. मध्ये खारा थर असेल तर शाळेत दोन कांड्या पाण्यात बुडवून केलेला प्रयोग इथे बटणाखाली सुरू होतो. धनाग्राकडचं तांबं आयन होऊन विरघळतं, मिठाच्या पाण्यातून पलीकडे जातं आणि ऋणाग्रावर धातू होऊन बसतं. ते सपाट बसत नाही, नेच्याच्या पानासारखं फांद्या फुटत उलट दिशेने वाढतं. वाटेत क्लोराइडशी गाठ पडलेलं तांबं हिरवट पूड होऊन जागीच राहतं. देवघरातल्या तांब्यावर चढतो तशीच.

यातून दोन उलटे बिघाड का होतात, ते पाहायला थोडं गणित लागतं. चिपचा पाय एका रोधातून ३ व्होल्टला बांधलेला असतो. हा रोध ४७ किलोओहम धरू. बटण उघडं असताना पायावर ३ व्होल्ट, म्हणजे 'दाबलेलं नाही'. दाबलं की पाय जमिनीला, शून्य व्होल्टला जोडला जातो. चिप ढोबळमानाने ०.९ व्होल्टच्या खाली 'दाबलं' आणि २.१च्या वर 'सोडलं' समजते. खाऱ्या थराने आणि तांब्याच्या फांद्यांनी मिळून दातांमध्ये १० किलोओहमची गळती केली, तर पायावर उरतात ३ × १० ÷ ५७, म्हणजे सुमारे ०.५३ व्होल्ट. चिपच्या लेखी बटण दाबलेलंच आहे. बाहुला पळतो तो असा. उलट हिरव्या पुडीचा थर साठून टिकली आणि दात यांच्यात २०० किलोओहमचा अडसर आला, तर अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरी पायावर ३ × २०० ÷ २४७, म्हणजे २.४ व्होल्ट राहतात आणि चिप म्हणते, कुणीच दाबलं नाही. पावसाळ्यात बटण आपोआप चालतं आणि हिवाळ्यात चालतच नाही, हा अनुभव इथून येतो: आधी ओली गळती, मग कोरडी पूड.

अशा यंत्राला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळणारी घरंही आहेत. निदान यंत्राच्या बाबतीत तरी ते मीठ लांबून ओवाळावं.

तांदळाच्या डब्याचा उपाय याहून फार शहाणा नाही. तांदूळ बाष्प शोषतो तेही रडतखडत. मीठ तर तो शोषतच नाही. पाणी उडून गेलं की मागे मीठ राहतं आणि पहिल्या दमट संध्याकाळी पुन्हा चिघळतं. खोक्यावरच्या 'वॉटरप्रूफ'लाही भुलू नये. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोल साध्या पाण्यात ३० मिनिटं. ती चाचणी समुद्राची नाही. खाऱ्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते (५ टक्के मीठ, ३५ अंश सेल्सिअस) आणि मुलांच्या गेमच्या खोक्यावर तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

गेम समुद्रात किंवा खाडीत पडलाच तर आधी सेल किंवा बॅटरी काढायची. चालू होतो का ते पाहायचं नाही. विघटन वीज असेपर्यंतच जोरात चालतं. कवच उघडून (निन्टेन्डोला तीन पाकळ्यांचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो) पडदा आणि स्पीकर बाजूला काढावा. पडद्यामागच्या थरांत पाणी शिरलं की डाग कायमचे, म्हणून तो बुडवायचा नाही. बोर्ड मात्र निःशंक पाण्यात घालावा. लोक इथे थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात आणि फसतात, कारण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. आधी इन्व्हर्टरसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, दोनदा बदलून, मऊ ब्रशने. शेजारीच विकायला असलेलं बॅटरीचं ॲसिड नव्हे, हे बाटलीवर वाचून घ्यावं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, तेही नको. त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल, पाणी हुसकावायला. मग सावलीत पंख्याखाली पूर्ण दिवस. खाऱ्या पाण्यात पडलेली लिथियम बॅटरी धुवायची नाही, चार्जही करायची नाही. घराबाहेर ठेवून ई-कचऱ्यात द्यायची. जत्रेतल्या बऱ्याच डब्यांत जुन्या नोकियात बसायची तीच बीएल-५सी आकाराची बॅटरी असते, ती बदलायला सोपी. हा त्या डब्यांचा खरा गुण.

नुसतं बटण अडलं असेल तर रबर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावं आणि काळी टिकली साध्या पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा हलके घासावी. कागदावर करडी रेघ उमटली की पुरे. पॉलिश पेपर लावला तर कार्बनच निघून जातो. पेन्सिलीचं शिसं घासण्याची युक्तीही टाळावी. भुकटी दातांमध्ये पडून नवीच गळती करते. खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा फवारा तर नकोच: तेलावर धूळ चिकटते आणि फवाऱ्यातल्या पेट्रोलियम द्रावकाने सिलिकॉन रबर फुगतं. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारण्याची सवयही याच जातीची. तिने धूळ थोडी हलते, पण थुंकीचा ओलावा आत जातो.

सेलच्या स्प्रिंगवर पांढरा फुलोरा आला असेल तर सेल कोणता होता ते पाहावं. अल्कलाइन सेल गळतो तो पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्क; त्यावर लिंबाचा थेंब चालतो, नंतर डिस्टिल्ड पाण्याने पुसून. स्वस्तातला झिंक-कार्बन सेल गळतो तो आम्लधर्मी, तिथे लिंबू म्हणजे आगीत तेल. नखाएवढे बटण सेल ज्या खेळण्यात असतात, त्यांचं झाकण स्क्रूचंच हवं. असा २० मिलिमीटरचा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर वर सांगितलेलं विघटन तिथल्या ओलाव्यात सुरू होतं आणि ऋण टोकाशी तयार होणारा अल्क दोन तासांत गंभीर जखम करू शकतो. वाट न पाहता इस्पितळ गाठावं.

ॲनालॉग काडी असलेले गेम किनाऱ्यावर अधिक नाजूक. काडीखाली कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक जीभ घासत असते. ती झिजली, मळली की बाहुला एकीकडे वाहतो. चुंबकावर चालणाऱ्या, हॉल परिणाम वापरणाऱ्या काडीत घासणारी जोडणीच नसते. अशा काड्यांच्या जोड्या वेगळ्या मिळतात, पण बसवायला सोल्डरिंगचा हात लागतो.

ठेवणीसाठी घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा आणि ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. डब्यातली आर्द्रता ३३ टक्क्यांखाली राहिली तरच मॅग्नेशियमचे क्षारही वाळतात, म्हणून त्यात गेमपेक्षा छोटा आर्द्रतामापक टाकलेला बरा. जेल रंग बदलणारं घ्यावं, पण नारिंगी. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते मुलांच्या घरात नको. रंग उडाला की ते १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरता येतं. गेम डब्यात टाकण्यापूर्वी सेल मात्र बाहेर काढून ठेवावेत.