प्रकल्प व्यवस्थापन

ठरावीक मुदतीत, ठरावीक पैशात आणि हाताशी असलेल्या माणसांच्या बळावर एखादी नवी गोष्ट उभी करायची, तर त्या कामाचे नियोजन, अंमलबजावणी आणि नियंत्रण करावे लागते. या सगळ्याला मिळून प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो, आणि तो संपल्यावर आधी नसलेली एखादी वस्तू, सोय किंवा व्यवस्था मागे राहते. रोजच्या कामापासून प्रकल्प वेगळा ओळखायचा तो यावरून.

सातारा-सांगलीच्या माणसाला हा फरक साखर कारखान्यावरून लगेच कळतो. गळीत हंगाम हे नेहमीचे काम आहे : बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी पडते, ऊस येतो, साखर निघते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच कारखान्याने गाळपक्षमता वाढवायचे ठरवले की तो प्रकल्प झाला. जुना हंगाम आटोपल्यापासून नव्या अग्निप्रदीपनापर्यंतचे महिनेच त्यासाठी मिळतात. काम लांबले तर गाळप उशिरा सुरू होते, आणि त्याची झळ शेतात तोडीची वाट पाहत उभ्या असलेल्या उसाला बसते.

धरणे, किल्ले, घाटरस्ते माणूस पूर्वीपासून बांधत आला आहे. या कामाचे स्वतंत्र शास्त्र मात्र विसाव्या शतकात घडले. हेन्री गँट यांचे आडव्या पट्ट्यांचे वेळापत्रक १९१० च्या दशकात रूढ झाले. १९५७ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत निर्णायक मार्गाची पद्धत विकसित झाली, आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी कामांचा क्रम आणि त्यांना लागणारा अंदाजी वेळ मांडणारे ‘पर्ट’ हे तंत्र वापरात आणले. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली.

जीवनचक्र

प्रकल्प कल्पनेपासून हस्तांतरणापर्यंत ज्या टप्प्यांतून जातो, त्यांना मिळून त्याचे जीवनचक्र म्हणतात. सरकारी बांधकामात हे टप्पे कागदांवरूनच ओळखता येतात : सर्वेक्षण, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अंतिम देयक आणि शेवटी दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत. खर्च किंवा व्याप्ती मूळ मंजुरीबाहेर गेली की सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. पाटबंधारे खात्याच्या बोलीत ती ‘सुप्रमा’.

अभ्यासक्रमात प्रारंभ, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख व नियंत्रण आणि समारोप असे पाच प्रक्रियासमूह शिकवतात. हे पाच समूह म्हणजेच एकामागून एक येणारे टप्पे, असा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. पायाच्या टप्प्यालाही स्वतःचे नियोजन आणि स्वतःचा समारोप असतो. देखरेख तर पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत चालूच राहते.

जीवनचक्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात सगळा आराखडा आधी पक्का करतात आणि मग त्याबरहुकूम काम होते. कोयना जलविद्युत प्रकल्पाचा चौथा टप्पा हे याचे ठळक उदाहरण. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळापर्यंत खालून बोगदा नेला, शेवटी थोडा खडक शिल्लक ठेवला आणि १३ मार्च १९९९ रोजी तो स्फोटाने उडवून सरोवराचे पाणी बोगद्यात घेतले. या लेक टॅपिंगमध्ये ‘करून पाहू, चुकले तर दुरुस्त करू’ असे म्हणायला जागाच नव्हती. भूगर्भाची तपासणी, स्फोटकांचे प्रमाण, पाण्याचा दाब, सगळे आधीच ठरलेले असावे लागते. २५ एप्रिल २०१२ रोजी याच जलाशयात दुसरे लेक टॅपिंग झाले.

दुसऱ्या प्रकारात काम छोट्या फेऱ्यांत होते आणि प्रत्येक फेरीनंतर पुढची दिशा ठरते. फेब्रुवारी २००१ मध्ये सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी अमेरिकेतील युटा राज्यात एकत्र येऊन मांडलेल्या जाहीरनाम्यानंतर ही रीत ‘अजाइल’ या नावाने पसरली. सातारा जिल्ह्यातील वाईत तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा प्रवास या दोन प्रकारांच्या मधला म्हणता येईल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या कामाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ उजाडले. छापील खंडांचा आराखडा आधी ठरलेला होता. आता नोंदी संकेतस्थळावर येतात आणि विषयवार ज्ञानमंडळे त्या अद्ययावत करतात. खंड बांधून झाल्यावर नोंद सुधारायला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागे, तशी आता लागत नाही.

वेळ, पैसा आणि व्याप्ती

ही तीन बंधने एकमेकांत गुंतलेली असतात. एक ताणले की उरलेल्या दोघांपैकी एकाला तरी वाकावे लागते. त्यातले वेळेचे गणित निर्णायक मार्गाने, म्हणजे एकापाठोपाठ एक करावी लागणाऱ्या कामांच्या सर्वांत लांब साखळीने, मांडतात. समजा, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बांधायचा आहे. पायाला ३० दिवस लागतात आणि त्यावर खांब उभारायला ४०. खांबांच्या मध्ये बसवून पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे, कारखान्यात तयार व्हायला ५० दिवस लागतात, पण ते काम पायाबरोबरच सुरू करता येते. बरगे बसवायला आणखी १० दिवस. तर पाया, खांब आणि बसवणी असा ८० दिवसांचा मार्ग निर्णायक ठरतो. त्यातल्या कोणत्याही कामाला एका दिवसाचा उशीर झाला तर सबंध बंधारा एक दिवस लांबतो. बरगे मात्र २० दिवस मागे पडले तरी चालते. १ मार्चला नारळ फोडला तर काम २० मेच्या आसपास संपते आणि मृगाच्या पावसाआधी जेमतेम सवड उरते. हा हिशेब न मांडता बरग्यांच्या कारखान्याकडे रोज तगादा लावणारा आणि पायाच्या खोदाईकडे आठ दिवस न फिरकणारा व्यवस्थापक मेहनत चुकीच्या ठिकाणी खर्च करतो.

नदीपात्रात अर्धवट राहिलेल्या कामाची जोखीम कृष्णाकाठाला सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. म्हणून जोखमींची नोंदवही आराखड्याबरोबरच उघडायची असते. कोणता धोका, किती संभाव्य, आला तर नुकसान किती, आणि त्याकडे लक्ष कोणी ठेवायचे, एवढे तरी त्यात लिहिलेले असावे.

टीम

प्रकल्पाची टीम तात्पुरती असते, आणि तिची खरी अडचण तिथेच आहे. माणसे वेगवेगळ्या खात्यांतून येतात. नेमणूक एका साहेबाकडे आणि काम दुसऱ्याच्या हाताखाली, अशी ओढाताण अनेकांची होते. त्यावर साधा उपाय असा : प्रत्येक कामापुढे ते कोण करणार, त्याची अंतिम जबाबदारी कोणाची, कोणाला विचारायचे आणि कोणाला नुसते कळवायचे, हे लिहून ठेवायचे. अंतिम जबाबदारीच्या रकान्यात एकच नाव असले पाहिजे.

मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाढीच्या चार अवस्था सांगितल्या : जुळणी, घुसळण, घडी बसणे आणि कामगिरी. १९७७ मध्ये त्यांत निरोपाची पाचवी अवस्था जोडली गेली. घुसळण टाळता येते असे मानणारे व्यवस्थापक पुढे फसतात, कारण सुरुवातीला गिळलेले मतभेद ऐन कामात वर येतात. पाणी फाउंडेशनच्या २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांच्या जलसंधारण स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. पाणलोटाचे काम, ४५ दिवसांची मुदत आणि श्रमदानाला येणारा सगळा गाव, अशी ती टीम होती. अशा ठिकाणी पगार नसतो, हुकूमही चालत नाही. आदल्या दिवशी किती चर खोदले गेले ते सगळ्यांना दिसते, आणि त्याच जोरावर माणसे दुसऱ्या दिवशी कुदळ उचलतात.

हितसंबंधी

प्रकल्पाचा ज्यांच्यावर परिणाम होतो, किंवा जे प्रकल्पावर परिणाम करू शकतात, ते सगळे हितसंबंधी. मराठीत अनेक ठिकाणी त्यांना ‘भागधारक’ म्हटले जाते. हा शब्द टाळावा, कारण भागधारक म्हणजे ज्याने भाग विकत घेतला तो. धरणाखाली ज्याचे घर जाणार त्याने कसलाच भाग घेतलेला नसतो, पण त्याच्याइतका संबंध दुसऱ्या कोणाचाही नसतो. शब्द चुकला की यादीही चुकते.

हितसंबंधींची यादी करून त्यांना सत्ता आणि आस्था या दोन मापांवर मांडण्याची पद्धत मेंडेलो यांच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही जास्त असलेल्यांना जवळ ठेवायचे, दोन्ही कमी असलेल्यांकडे बेताचे लक्ष द्यायचे, असा तिचा सल्ला. ती उपयोगी आहे, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे : आस्था पराकोटीची आणि सत्ता शून्य, अशा माणसाला ती ‘माहिती देत राहा’ एवढ्यावरच सोडून देते. कोयनेच्या खोऱ्यात नेमकी अशीच माणसे राहत होती. धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले तेव्हा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो १९७६ मध्ये केला. कोयनेचे लोक सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड असे विखुरले गेले. धरणाने राज्याला वीज दिली, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही सोसला आणि पुढे त्याचे मजबुतीकरण झाले. धरणग्रस्तांची जमिनीसाठीची आंदोलने मात्र साठ वर्षांनंतरही सुरूच राहिली.

याच्या उलट वाट सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळा नदीवर दिसते. तिथे १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा धरण उभे राहिले. नदीतली वाळू विकून आणि श्रमदान करून बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी ते बांधले. पाणी कोणाला मिळणार हा प्रश्न त्यांनी बांधकामाच्या आधी सोडवला : प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालाही. नकाशात असा प्रश्न उमटत नाही, त्यामुळे बहुतेक योजनांत तो पाणी आल्यावरच भांडणाच्या रूपाने समोर येतो.

कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पुढे सांगोल्याकडे नेणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेत हितसंबंधींनी आराखडाच बदलायला लावला. नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने चाललेल्या पाणी चळवळीने समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली, आणि ‘आटपाडी पॅटर्न’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी पुढे आली. पुढे वितरणासाठी उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळ आले. शास्त्राच्या भाषेत हा व्याप्तीतील बदल झाला. बदल जितका उशिरा करावा तितका महाग पडतो, म्हणून हितसंबंधींना निविदेनंतर बोलावण्यापेक्षा सर्वेक्षणाच्या वेळीच बोलावणे शहाणपणाचे.

समारोप

प्रकल्प बंद करण्याचे काम अभ्यासक्रमात सर्वांत थोडक्यात उरकले जाते. अंतिम मोजमाप, देयके, कार्यपूर्ती दाखला आणि पुढे ज्यांनी चालवायचे त्यांच्याकडे हस्तांतर, अशी त्याची कामे. सिंचनात हे ‘पुढचे लोक’ म्हणजे पाणी वापर संस्था. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. बांधकामाचा खर्च मंजूर करताना चालवण्याचा खर्च विचारात घेतला नाही तर काय होते, ते उपसा योजनांनी दाखवले. पंप बसले, नळ टाकून झाले, आणि विजेच्या थकबाकीपायी पंप बंद ठेवण्याची वेळ आली. पुढे वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभार्थी शेतकऱ्यांनी उचलायचा, असे सूत्र ठरले. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यासाठी टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना पूर्ण होतात त्या दाखल्यावर सही झाली त्या तारखेला नव्हे. पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, सुटल्यावर ज्या दिवशी त्याच्या बांधावर पाणी येते, त्या दिवशी.