मत्स्यपेटीतील माशांचे असामान्य वर्तन

घरच्या काचेच्या पेटीतला मासा त्याच्या जातीच्या नेहमीच्या सवयी सोडून वागू लागला, तर त्याला असामान्य वर्तन म्हणतात. यात ‘त्याच्या जातीच्या’ हे शब्द महत्त्वाचे. क्लाऊन लोच कुशीवर आडवा पडून झोपतो आणि नवखा मालक त्याला मेला समजून जाळी घेऊन धावतो. निऑन टेट्रा रात्री फिका पडतो, दिवा लावल्यावर थोड्या वेळात पुन्हा रंगात येतो. फायटर आणि गुरामी यांना कल्ल्यांच्या जोडीला हवेतला प्राणवायू घेण्याचे वेगळे इंद्रिय असते, म्हणून ते वर येऊन हवा गिळतात. गोल्डफिश तसे वारंवार करू लागला, तर मात्र आधी पाणी पाहावे, औषधाची बाटली नंतर.

गोव्यात हे पाणी पाहणे पावसाळ्याच्या तोंडावर फार करावे लागते. उकाड्याने पेटीतले पाणी तापलेले असते. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. त्यात पहिल्या वादळात रात्री वीज जाते, एअर पंप गप्प होतो आणि सकाळी सगळे मासे तोंडे वर करून धापा टाकताना दिसतात. वीज आली म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात, आणि त्यांनाही प्राणवायू लागतोच. ते मेले की अमोनिया साचतो. नायट्राइट वाढले तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, आणि हवेचे बुडबुडे जोरात सुटत असतानाही मासा गुदमरतो. नव्या पेटीत हे जिवाणू जम बसवायला साधारण ४ ते ६ आठवडे घेतात. चतुर्थीला पाहुणे येणार म्हणून आठवड्यापूर्वी मांडून गच्च भरलेल्या पेटीत दुसरे काय होणार?

विहिरीचे पाणी क्लोरीनमुक्त म्हणून अनेकांना नळापेक्षा बरे वाटते. पण जांभ्या दगडातले पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना नेमके उलटे हवे असते.

गोल्डफिश उलटा तरंगत असेल, तर वाताशयाचा, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा, बिघाड किंवा बद्धकोष्ठ असू शकते. एकदोन दिवस उपास, मग साल काढलेला उकडलेला वाटाणा, हा उपाय करून पाहतात.

मासा दगडावर, वाळूवर अंग घासू लागला आणि परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले, तर तो ‘व्हाईट स्पॉट’, एका परजीवीमुळे होणारा रोग. हा परजीवी कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला लागत नाही. तो पाण्यात मोकळा पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचे नसते. इथेच बहुतेकांची घाई नडते.

घासण्यासारखाच फसवा प्रकार नारिंगी क्रोमाइड या माशामध्ये दिसतो. हा आपल्या काळुंदराचा भाऊबंद. काळुंदर तव्यावर जातो, हा पेटीत. याची पिल्ले आईबापाच्या अंगाला टोचा मारत घोळक्याने फिरतात. पाहणाऱ्याला वाटते, पिल्लेच त्यांना खात आहेत. खातात हे खरेच, पण अंगावरचा बुळबुळीत थर तेवढा. अशा वेळी पेटीत हात घातला, तर नर आणि मादी दोघेही बोटावर धावून येतात.