ए-ची स्टेशनरी आणि ई-ची स्टेशनरी

शाळेच्या कार्यालयात लोखंडी कपाटात नोंदवह्यांची एक रांग असते. डेड स्टॉक, आवक-जावक, हजेरीपत्रकं, आणि त्यातच कुठेतरी खडू, टाचण्या, कार्बन पेपर, फुलस्केप कागदाची रिमं यांचा हिशेब ठेवणारी एक जाड वही. मी इंग्रजी शिकवायचो त्या शाळेत या वहीच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात इंग्रजीत 'स्टेशनरी रजिस्टर' लिहिलेलं होतं. मागच्या वर्षीच्या वहीवरही तेच. फक्त एका वहीवर शब्दाचा शेवट ए-आर-वाय होता आणि दुसरीवर ई-आर-वाय. हात एकच. लिहिणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सर, दोन्ही चालतं ना? उच्चार तर एकच आहे."

उच्चार एकच आहे, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. लंडनच्या माणसाच्या तोंडूनही या दोन शब्दांतला फरक ऐकू येत नाही, कारण तिथे तो स्वर इतका पुसट होतो की ए होता की ई, ते कळायला मार्गच उरत नाही. देवनागरीत आणले की दोन्ही 'स्टेशनरी'च होतात. पण 'दोन्ही चालतं' हे मात्र खरं नाही. ए असलेली स्टेशनरी म्हणजे जागेवर थांबलेलं, न हलणारं. ई असलेली स्टेशनरी म्हणजे वह्या, पेनं, लिफाफे, एकूण लेखनसामग्री. पहिलं विशेषण, दुसरं नाम. त्यामुळे त्या दोनपैकी एका वहीचं नाव, शब्दशः घेतलं तर, 'जागेवर उभी असलेली नोंदवही' असं होत होतं.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, हे आपण शाळेत वेलांटी-उकारासाठी छड्या खात शिकलो. पण दिन आणि दीन यांचं आपसात काही नातं नाही. ते योगायोगाने सारखे दिसतात. दोन स्टेशनऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या सख्ख्या बहिणी आहेत, आणि त्यांची ताटातूट कशी झाली ते एकदा कळलं की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही.

लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. त्यावरून 'स्तातिओ', म्हणजे उभं राहण्याची, मुक्काम करण्याची जागा. आपलं स्टेशन तिथूनच आलं. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत. गाठोडं पाठीवर घ्यायचं, जत्रा-बाजार करायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. पण विद्यापीठांच्या गावात पुस्तकं विकणाऱ्याला फिरून चालत नसे. त्याचं गिऱ्हाईक रोज तिथेच, मालही जड आणि मोलाचा. म्हणून तो एका जागी ठाण मांडून बसे. या ठाण मांडलेल्या पुस्तकवाल्याला लॅटिनमध्ये म्हणत 'स्तातिओनारिउस', आणि इंग्रजीत तो झाला 'स्टेशनर'. फेरीवाला नव्हे, ठाणेवाला.

हा माणूस नुसता विक्रेता नव्हता. तेराव्या शतकात बोलोन्या आणि पॅरिसमध्ये त्याच्याकडे विद्यापीठाने तपासून दिलेली मूळ प्रत असे, तीही सुट्या भागांत. विद्यार्थी किंवा लेखनिक एक भाग भाड्याने नेई, उतरवून काढी, परत करी आणि पुढचा नेई. तोवर पहिला भाग दुसऱ्या कुणाच्या हातात असे. एकाच पुस्तकाच्या अशा कितीतरी नकला एका वेळी उतरत. भाड्याचे दरही विद्यापीठ ठरवी. छापखाना येण्याआधी ज्ञान हातोहात पसरलं ते या स्टेशनरच्या दुकानातून, म्हणून मला हा शब्द नुसता कागद-पेनाचा वाटत नाही.

लंडनमध्ये 1403 साली हाताने ग्रंथ उतरवणारे, त्यांत रंगीत नक्षी काढणारे, बांधणी करणारे आणि विकणारे अशांचा एक संघ झाला. पुढे हीच स्टेशनर्स कंपनी. 1557 मध्ये तिला राजसनद मिळाली आणि इंग्लंडमधली छपाई बहुतांशी तिच्या सभासदांच्या हातात गेली. कोणतं पुस्तक छापायचा हक्क कुणाचा, ते कंपनीच्या वहीत नोंदवलं जाई. 1710 साली राणी ॲनच्या काळात कॉपीराइटचा पहिला कायदा झाला. त्याने हक्क लेखकाला दिला, पण नोंद करायची वही स्टेशनर्स कंपनीचीच राहिली. म्हणजे आमच्या कपाटातल्या वहीची पणजी शोधायची झाली, तर ती ही.

छपाई वाढली तशी कामं वाटली गेली. छापणारा मुद्रक झाला, पुस्तकं काढणारा प्रकाशक, विकणारा बुकसेलर. स्टेशनरकडे उरलं कागद, शाई, लेखण्या, मेण, कोऱ्या वह्या. त्याच्याकडे मिळणारा माल तो स्टेशनरी, ई-आर-वाय. ब्रिटिश सरकारने 1786 मध्ये आपल्या कचेऱ्यांना कागद-शाई पुरवण्यासाठी स्टेशनरी ऑफिस काढलं, तेही ई-चंच. आपल्याकडे चर्नी रोडला शासनाचं जे खातं आहे, त्याच्या नावात याच शब्दाचं मराठी रूप आहे: मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय.

आता स्पेलिंगकडे. ई का, तर आधी माणूस, मग त्याचा माल. बेकर, त्याची बेकरी. ग्रोसर, त्याची ग्रोसरी. ड्रेपर, त्याची ड्रेपरी. या सगळ्या माणसांच्या नावाच्या शेवटी ई-आर आहे, पुढे नुसता वाय जोडला की त्यांचा धंदा किंवा माल तयार होतो. स्टेशनरला वाय जोडा, ई आपोआप जागेवर येतो.

याचा पुरावा आपल्या गावोगावच्या पाट्यांवरच आहे, आणि तो मला फार उशिरा दिसला. तालुक्याच्या बाजारपेठेत 'स्टेशनरी अँड कटलरी' अशी इंग्रजी पाटी हमखास असते. मराठीत कटलरी म्हणजे बांगड्या, कंगवे, टिकल्या, रिबिनी असं काहीबाही. इंग्रजीत कटलर म्हणजे सुऱ्या-चाकू बनवणारा आणि कटलरी म्हणजे त्याचा माल. अर्थ आपल्याकडे येऊन पार बदलला, पण स्पेलिंगचा शेवट ई-आर-वायच राहिला, आणि तो पेंटर सहसा चुकवत नाही. चुकतो तो शेजारचा शब्द. एकाच पाटीवर उजवीकडे बरोबर उत्तर लिहिलेलं असतं आणि डावीकडे चूक. एखाद्या संध्याकाळी बाजारातून जाताना वर बघत चला.

एक सावधगिरी इथे हवी. 'दुकान किंवा जागा असेल तर ई' असा नियम कुणी करून ठेवला, तर लायब्ररी आडवी येते. लायब्ररीत ए आहे, डिक्शनरीत ए आहे, धान्याच्या कोठाराला ग्रॅनरी म्हणतात त्यातही ए. ही नामंच आहेत, पण त्यांच्यामागे ई-आर-वाला माणूस नाही. म्हणून कसोटी जागेची नाही, माणसाची. उलट सेमेटरी, म्हणजे दफनभूमी, हिच्यात तीन ई आहेत आणि माणूस कुणीच नाही. तो शब्द ग्रीकमधून आला, त्याचं घराणंच वेगळं, तो पाठच करावा लागतो.

राहिली ए-ची स्टेशनरी. ती प्रायमरी, सेकंडरी, टेम्पररी, व्हॉलंटरी या विशेषणांच्या रांगेतली. रस्त्यात उभं असलेलं वाहन, व्यायामशाळेत एका जागी बसवलेली सायकल, यांना हे विशेषण लागतं. पावसाळ्यात हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक वाचणाऱ्यांना ते चांगलं ओळखीचं असेल: अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा 'प्रॅक्टिकली स्टेशनरी' राहिला, म्हणजे जवळपास हललाच नाही. कोकणातल्या माणसासाठी हे दोन शब्द फार महत्त्वाचे असतात, आणि तिथे ए-च्या जागी ई पडला तर वाक्याचा अर्थच लागणार नाही.

पण 'स्थिर' म्हटलं म्हणून सगळं थंड पडलंय असं समजू नये. या शब्दाचा खरा गोडवा विज्ञानात आहे. तंबोऱ्याची तार छेडली की ती थरथरते, पण तिच्यावर उठलेल्या लाटेचा आकार पुढे सरकत नाही. काही बिंदू तसूभरही हलत नाहीत आणि मधला भाग जोरात हलतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात ही स्टेशनरी वेव्ह, ए-ची. भूस्थिर उपग्रहाचं त्याहून नवल. विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर तो सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगाने धावत असतो, तरी आपल्या गच्चीवरची डिश त्याच्याकडे तोंड करून वर्षानुवर्षं तशीच उभी राहते, कारण पृथ्वीच्या फिरण्याशी त्याची गती जुळलेली असते. 1981 साली सोडलेला 'ॲपल' हा भारताचा पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रह. बैलगाडीवर ठेवलेला त्याचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या वर्णनात इंग्रजी जिओस्टेशनरी शब्द येतो तो ए-आर-वाय असाच. ई घातला तर तो अवकाशातल्या वह्या-पेनांचा गठ्ठा होईल.

कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी आणखी दोन बारीक गोष्टी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घातलेला जो सलग कागद लागतो त्याला कंटिन्युअस स्टेशनरी म्हणतात. मागणीपत्रात ती ए-ने लिहिलेली मी पाहिली आहे. मग तिचा अर्थ 'अखंड थांबलेली' असा होतो. दुसरी गोष्ट, ई-ची स्टेशनरी अनेकवचनात जात नाही. 'स्टेशनरीज' असा शब्द कोटेशनांवर सर्रास दिसतो. वह्या दोन असोत वा दोनशे, स्टेशनरी ती स्टेशनरीच.

मुलांना लक्षात राहावं म्हणून मी एक सोपी खूण देत असे. स्थावर हा आपला शब्द इंग्रजी लिपीत लिहा. त्यात स्वर म्हणून फक्त ए येतो, तोही दोनदा. लेखन लिहा, पहिलाच स्वर ई. स्थावरची ए, लेखनाची ई. मुलांना हे एका तासात बसलं.

आणि ही खूण नुसती सोयीची नाही, खरीही आहे. लॅटिनचं 'स्तारे' आणि संस्कृतचं 'स्था' एकाच मुळातून आले आहेत. लंडनला स्टेशनरी ऑफिस निघालं त्याच 1786 साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, हे मांडलं. स्थिर, स्थावर, स्थान, स्थानक ही आपल्याकडची मंडळी आणि स्टेशन, स्टेशनर, दोन्ही स्टेशनऱ्या ही तिकडची, सगळ्यांचं गोत्र एकच. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव 'श्रीस्थानक' असं आहे. 16 एप्रिल 1853 ला भारतातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून 34 किलोमीटर जाऊन त्याच ठाण्यात थांबली, तेव्हा त्या जागेला स्टेशन म्हणू लागले. खरं तर तिथे तो शब्द शतकानुशतकं आधीच होता.

बाईंना हे सगळं एका दमात सांगितलं नाही, मधल्या सुट्टीतल्या चहावर थोडंथोडं सांगत गेलो. पुढच्या जूनमध्ये नवी वही आली. त्यांनी पुठ्ठ्यावर शाई लावण्याआधी एका पाठकोऱ्या कागदावर 'स्टेशनर' लिहून पाहिलं, क्षणभर थांबल्या, आणि मग त्याला वाय जोडला.