बूस्ट वाढवल्यावर स्पार्क प्लग कोणता निवडावा?

टर्बोचार्जर असलेल्या गाडीचे ट्यूनिंग बदलून बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा वाढीव दाब) वाढवला, की काही दिवसांतच एक ठरावीक तक्रार ऐकू येते : एरवी गाडी सुरळीत चालते, पण वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबताच अडखळते आणि धक्के देते. मग कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग), इंधनपंप, सेन्सर अशा महागड्या भागांवर संशय घेतला जातो. दोष मात्र पुष्कळदा स्पार्क प्लगच्या टोकाशी असलेल्या, मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या फटीत सापडतो.

या फटीला व्यवहारात गॅप म्हणतात. ती ओलांडण्यासाठी ठिणगीला किती व्होल्टेज लागेल, हे वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, असे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये प्रयोगांनी दाखवले. उघड्या हवेत १ मिलिमीटरची फट ओलांडायला साधारण चार-साडेचार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवा-इंधनाच्या मिश्रणात हीच गरज दहा हजारांच्या कितीतरी पुढे जाते. (काटेकोरपणे बोलायचे तर येथे दाबापेक्षा वायूची घनता महत्त्वाची असते, कारण दाबले जाताना मिश्रण तापतेही.) १ बार बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणारी हवा बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट दाबाची असते, आणि त्या प्रमाणात ठिणगीपुढचा अडथळा वाढतो. कॉइलची क्षमता मात्र तेवढीच राहते. मागणी त्या क्षमतेपलीकडे गेली, की ठिणगी पडतच नाही किंवा इन्सुलेटरच्या बाहेरून भलत्याच वाटेने निघून जाते, आणि त्या सिलिंडरमधले मिश्रण न जळताच बाहेर पडते. यालाच मिसफायर म्हणतात.

दाब कमी करायचा नसेल, तर गुणाकारातली दुसरी संख्या, म्हणजे फट, कमी करावी लागते. टर्बो नसलेल्या इंजिनांत १ ते १.१ मिलिमीटरची फट सर्रास आढळते, कंपनीतून येणाऱ्या टर्बो इंजिनांत ती बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, आणि बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत ०.५५ ते ०.६५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली जाते. मात्र फट जितकी अरुंद, तितकी ज्योतीची पहिली ठिणगीएवढी कळी लहान असते आणि तिची उष्णता फटीच्या दोन्ही बाजूंची धातूची टोके, म्हणजे इलेक्ट्रोड, शोषून घेतात. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन थरथरते. म्हणून एकदम टोकाचा आकडा न गाठता फट ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी कमी करावी आणि मिसफायर थांबला, की तेथेच थांबावे.

फटीइतकाच महत्त्वाचा, पण अधिक गैरसमज असलेला विषय म्हणजे हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते. ‘थंड’ प्लगची ठिणगी थंड किंवा दुबळी असते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ठिणगीचा येथे काहीही संबंध नाही. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या पांढऱ्या इन्सुलेटरचे टोक लांब असेल, तर त्यातली उष्णता धातूच्या कवचापर्यंत आणि पुढे सिलिंडर हेडपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. असा प्लग गरम. टोक आखूड असेल, तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड. टोकाचे तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० अंशांच्या पुढे गेले, तर ते टोकच निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीआधी मिश्रण पेटवू लागते. असे अकाली प्रज्वलन पिस्टनला भोक पाडू शकते. अधिक बूस्ट म्हणजे प्रत्येक स्फोटात अधिक उष्णता, म्हणून अधिक थंड प्लग, एवढा हा साधा हिशेब आहे.

किती थंड? दर ७५ ते १०० वाढीव अश्वशक्तीमागे एक पायरी, असा ढोबळ नियम एनजीके ही कंपनी सांगते आणि तो सुरुवातीला पुरेसा आहे. गोंधळ होतो तो आकड्यांमुळे. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात मोठा आकडा अधिक थंड प्लगचा असतो, बॉशच्या क्रमांकात अधिक गरम प्लगचा. शिवाय एनजीकेच्या ६ आणि ७ ला डेन्सोचे २० आणि २२ समतुल्य आहेत. कंपनी बदलताना तुलनेचा तक्ता न पाहता केवळ आकडा वाढवणारा माणूस नेमकी उलटी चूक करून बसतो. गाडी मुख्यतः शहरात, छोट्या फेऱ्यांसाठी वापरली जात असेल, तर दोन पायऱ्या थंड प्लग बसवणे मला अविचाराचे वाटते, कारण तो पुरेसा तापतच नाही, त्यावर काजळी साचते आणि विद्युतप्रवाह फट ओलांडण्याऐवजी त्या काजळीतून गळतो.

इरिडियम, प्लॅटिनम की निकेल, या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतात, पण त्याचे महत्त्व सर्वांत कमी. इरिडियम २४०० अंशांहून अधिक तापमानाला वितळतो, त्यामुळे त्याचा इलेक्ट्रोड ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतका बारीक ठेवता येतो. बारीक टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटते आणि ठिणगीला थोडे कमी व्होल्टेज पुरते. शिवाय तो हळू झिजतो. ज्यांना ‘कॉपर’ प्लग म्हणतात, त्यांचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते आणि तांबे आतल्या गाभ्यात असते. ते वारंवार बदलायची तयारी असेल, तर तेही उत्तम चालतात. इरिडियमच्या प्लगची फट बदलताना फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवावा. मधल्या नाजूक टोकावर हत्याराचा भार दिला, तर ते तुटते.

आट्यांचा व्यास, त्यांची लांबी आणि बैठक (प्लग हेडवर जिथे टेकतो तो भाग) यांत मात्र कोणतीही तडजोड चालत नाही, कारण लांबी चुकलेला प्लग पिस्टनवर आदळू शकतो. प्लग थंड इंजिनात, टॉर्क पान्यानेच आवळावा : सील वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सुमारे २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात.

काही दिवसांनी प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. इन्सुलेटरचा फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग निवड जमल्याचे सांगतो, कोरडी काळी काजळी प्लग फार थंड किंवा मिश्रण फार समृद्ध, म्हणजे जास्त इंधनाचे, असल्याचे. पांढऱ्या इन्सुलेटरवर मिरपुडीसारखे बारीक, चमकणारे ठिपके दिसले, तर ते पिस्टनमधून उडालेले ॲल्युमिनियम असू शकते. तेव्हा सिलिंडरमध्ये नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट, होत आहे, आणि ते प्लगपासून दूरच्या, शेवटी उरलेल्या मिश्रणात होत असल्यामुळे आणखी थंड प्लग बसवून थांबत नाही. आधी बूस्ट उतरवावा आणि प्रज्वलनाची वेळ मागे घ्यावी, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी.