जँगोमधलं नेम आणि लेबल: ॲपचं नाव बदलताना नेमकं काय बदलतं

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवरचा प्रोजेक्ट काही वर्षं चालला की त्यातल्या ॲप्सची, म्हणजे सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड_ॲप्स'ची, यादी बघवत नाही. एक ॲप 'ऑर्डर्सॲप', दुसरं 'यूझर_मॉड्यूल', तिसरं नुसतंच 'पेमेंट'. मग कुणीतरी ठरवतं की आता सगळ्या ॲप्सना एकाच पद्धतीची नावं द्यायची. ठरवणं रास्तच आहे. पण त्या कामाला हात घालण्याआधी ॲपची माहिती ठेवणाऱ्या ॲपकॉन्फिग क्लासमधल्या नेम आणि लेबल या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात. बऱ्याच प्रोजेक्टांत दोन्हींत एकच शब्द असतो, म्हणून त्या एकच वाटतात.

नेम म्हणजे पायथनसाठीचा पत्ता. पॅकेज कुठे आहे हे सांगणारा, टिंबांनी जोडलेला पूर्ण मार्ग, उदाहरणार्थ 'कोअर.ऑर्डर्स'. जँगो तो इम्पोर्टसाठी वापरतं, डेटाबेसमध्ये कुठेही लिहून ठेवत नाही. तो चुकला तर सर्व्हर सुरूच होत नाही, त्यामुळे चूक जागीच सापडते.

लेबल मात्र डेटाबेसमध्ये जाऊन बसतं. ऑर्डर मॉडेलच्या टेबलाला 'ऑर्डर्सॲप_ऑर्डर' हे नाव मिळतं ते लेबलवरून. कोणती मायग्रेशन्स (टेबलांच्या रचनेत बदल करणाऱ्या फायली) चालून गेली याची नोंद 'जँगो_मायग्रेशन्स' टेबलात लेबलखालीच असते. मॉडेल्सची यादी ठेवणाऱ्या 'जँगो_कंटेंट_टाइप' टेबलातही तेच, आणि परवानग्या त्याच्यावरच टेकलेल्या. फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या मॉडेलशी जोडणारा दुवा, 'ऑर्डर्सॲप.ऑर्डर' अशी लिहिता, तिथला टिंबाआधीचा शब्दही लेबलच.

घोळ होतो तो एका सोयीमुळे. लेबल तुम्ही लिहिलं नाही, तर जँगो नेममधला शेवटचा तुकडा उचलतं. म्हणून 'ऑर्डर्स' पॅकेज 'कोअर'च्या आत हलवलं, तर नेम बदलतं, लेबल 'ऑर्डर्स'च राहतं आणि डेटाबेसला काही कळतही नाही. पण 'ऑर्डर्सॲप' या फोल्डरचं 'ऑर्डर्स' केलं की लेबलही बदलतं, आणि ते बदललं हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं दिसत नाही.

मी एकदा हेच केलं होतं. फोल्डरचं नाव बदललं आणि मायग्रेशनच्या फायलींसकट सगळीकडे जुना शब्द शोधून नवा घातला. मायग्रेशनच्या फायली तयार करणारी 'मेकमायग्रेशन्स' कमांड म्हणाली, काही बदल नाहीत. त्या फायली डेटाबेसवर चालवणारी 'मायग्रेट' कुरकुर न करता चालली. मग ॲडमिन उघडलं तर ऑर्डर्सची यादी रिकामी. डेटा कुठेही गेला नव्हता, जुन्या टेबलात जसाच्या तसा होता. जँगोच्या लेखी 'ऑर्डर्स' हे नवंकोरं ॲप होतं, म्हणून त्याने पहिल्या मायग्रेशनपासून सुरुवात करून शेजारी रिकामी टेबलं उभी केली. गटांना दिलेल्या परवानग्याही जुन्या लेबलापाशीच राहिल्या होत्या. दुसऱ्या एखाद्या ॲपची चालून गेलेली मायग्रेशन्स या ॲपवर अवलंबून असती, तर इतिहास विसंगत असल्याची एरर तरी आली असती. हे ॲप सुटं होतं, म्हणून सगळं गुपचूप पार पडलं.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. नेम नवं द्या आणि ॲपकॉन्फिगमध्ये लेबल जुन्या शब्दावर बांधून ठेवा: लेबल बरोबर 'ऑर्डर्सॲप'. मग मायग्रेशनच्या फायलींतल्या डिपेन्डन्सीज आणि फॉरेन कीमधले शब्दही जुनेच राहू द्यायचे, फक्त इम्पोर्ट बदलायचे. परवानगी तपासताना जुना शब्द दिसत राहील आणि तो डोळ्यांना खुपेल, हे खरं. तरी माझ्या मते तेवढं खुपू द्यावं. चालू डेटाबेस असलेल्या प्रोजेक्टात लेबल बदलायचंच असेल, तर टेबलांची नावं, कंटेंट टाइप आणि मायग्रेशनच्या नोंदी हे सगळं 'मायग्रेट' चालवण्याआधी हाताने बदलावं लागतं. हे वेगळं काम आहे, नावं सारखी करण्याच्या कमिटमध्ये ते घुसवू नये.

ॲपच्या क्लासचं नाव, म्हणजे 'ऑर्डर्सकॉन्फिग' वगैरे, बिनधास्त बदला. ३.२ आवृत्तीपासून 'ॲप्स' फायलीत एकच कॉन्फिग क्लास असेल तर जँगो तो आपणहून उचलतं. यादीत क्लासचा पूर्ण मार्ग दिला असेल तर तेवढी ओळ बदलावी लागेल. व्हर्बोज नेम तर फक्त माणसांना वाचण्यासाठी आहे.

लेबल स्वतःहून नवं द्यावं लागतं असा प्रसंगही येतो. 'सेल्स.रिपोर्ट्स' आणि 'स्टॉक.रिपोर्ट्स' अशी दोन ॲप्स असतील तर दोघांचं लेबल 'रिपोर्ट्स' होतं आणि लेबलं एकमेव नाहीत म्हणून जँगो सुरूच होत नाही. पहिलं मायग्रेशन चालवण्याआधीच एकाचं 'सेल्स_रिपोर्ट्स' करून टाकायचं.

आता नाव बदलल्यावर मी 'मेकमायग्रेशन्स'च्या उत्तरावर थांबत नाही. ते मॉडेल्स आणि मायग्रेशनच्या फायली एकमेकांशी ताडून बघतं, आणि त्या दोन्हींत तर मी स्वतःच नवा शब्द घातलेला असतो. 'मायग्रेट'ला 'प्लॅन' हा पर्याय देऊन चालवतो, कारण ते डेटाबेसमधल्या नोंदी बघतं. मायग्रेशन्स आधीच पूर्ण चाललेली असताना त्यात एकही पायरी दिसली, तर कमिट करत नाही. आधी लेबल तपासतो.